बाणाला जागा उरली नाही

"ए, पहार टाक खाली! टाक म्हनतो ना! माज्या बांधाला हात लावशील तर..."

पुढचं पावसात वाहून गेलं. पण जेवढं ऐकू आलं तेवढ्यानं धरणापलीकडच्या तीरावर चरणाऱ्या म्हशींनी माना वर केल्या आणि ताम्हिणी घाटाकडे निघालेल्या एसटीच्या ड्रायव्हरनं आपल्यालाच कुणी हाक मारली असं समजून ब्रेक दाबला. मी फाट्यावरच्या बांधावर उभा होतो. हातात पहार, पायाशी गुडघाभर खड्डा, आणि खड्ड्यात माती कमी, पाणी जास्त. डोक्यावर प्लॅस्टिकच्या कागदाची खोळ घेतलेला नामाअण्णा भातखाचरं तुडवत येत होता. स्वतःचीच खाचरं, स्वतःचंच भात. तरी बघत नव्हता, यावरून त्याचा राग मोजा.

"कुनी सांगितलं तुला हितं खांदायला, धाकल्या?"

"आप्पानं."

"आप्पाचा बांध हाय व्हय ह्यो?"

"न्हाई."

"मग?"

मी पहार टाकली. ती खड्ड्यात उभीच्या उभी गेली आणि दिसेनाशी झाली. मुळशीचा श्रावण असा असतो. लोखंडसुद्धा ठेवून घेतो.

यंदाचा श्रावण लागला तसा रविवारी पुण्याजवळच्या सूसच्या फ्लॅटमधून मुलाबाळांना घेऊन गावाकडे निघालो आणि पौड सोडल्यावर एक खेळ सुरू केला: पाट्या मोजायच्या. माले गाव यायच्या आधीच पोरं दमली. कुत्र्याच्या छत्र्या उगवाव्यात तशा रस्त्याच्या दोन्ही अंगांना पाट्या उगवल्या आहेत. सगळ्या फ्लेक्सच्या. चुलीवरचं जेवण, लेक व्ह्यू, रेन डान्स, शेतघर, मिसळ, पुन्हा चुलीवरचं जेवण. एका खांबाला अकरा बाण आणि अकराच्या अकरा वेगळ्या दिशेला. उभ्या उभ्या कुणी तेवढे हात पसरले असते तर त्याला देव म्हणून पुजलं असतं. आणि अंतर? अंतर सगळीकडे एकच. फक्त दोन किलोमीटर. आमच्या मुलखात धबधबा दोन किलोमीटरवर, देवराई दोन किलोमीटरवर, आणि समुद्रालासुद्धा पाटी लावायची वेळ आली तर आमची माणसं 'फक्त दोन किलोमीटर'च लिहितील. ही लबाडी नव्हे. आमच्याकडे कुणी वाट विचारली की 'हे काय, हितंच' म्हणायची रीत आहे. माणूस दमून परत फिरू नये म्हणून. पाटीवर 'हे काय, हितंच' लिहिता येत नाही, म्हणून दोन किलोमीटर.

पण मला आठवते ती एकच पाटी. पत्र्याची. चार बाय तीन फुटांची.

नव्या शतकाची दोन-तीनच वर्षं झाली होती. शनिवार-रविवारी पुण्याच्या गाड्या धबधबे बघायला यायला लागल्या होत्या. मी पिरंगुटला एका कंपनीत पाळीवर जायचो. शेत बघायचा माझा थोरला भाऊ, आप्पा. आणि आप्पाला बघायची माझी वहिनी, शेवंता. तिनं त्या उन्हाळ्यात गोठ्यातल्या दोन म्हशी विकल्या, गोठा शेणानं नव्हे तर कोब्यानं सारवला, मध्ये भिंत घातली, दोन खोल्या केल्या, खिडक्यांना स्वतःच्या जुन्या साड्यांचे पडदे लावले आणि जाहीर केलं, "भावजी, आता हितं मानसं ऱ्हातील."

"म्हशींचा वास येतोय, वहिनी."

"यिऊ द्या की. त्योच घ्यायला येत्यात ते."

हसण्यावारी नेण्यासारखं हे प्रकरण नव्हतं. आमची जमीन घ्यायला एक एजंट वर्षभर खेटे घालत होता. पांढरी गाडी, पांढरे बूट. मुळशीच्या चिखलात पांढरे बूट घालून येणारा माणूस एकतर वेडा असतो किंवा त्याला आपण इथून लवकरच निघणार याची खात्री असते. आप्पाचं मन त्याच्याकडे झुकलं होतं. शेजारच्या वाडीतल्या तिघांनी त्याला जमीन दिली होती. त्यातला एक आता आपल्याच शेताच्या गेटवर शिट्टी गळ्यात अडकवून उभा असायचा आणि आपल्याच आंब्याखाली गाड्या लावून द्यायचा. वहिनीनं ते बघितलं होतं. ती आप्पाला म्हणाली होती, एक पावसाळा द्या मला. आप्पानं दिला. एकच. "गौरी जाईस्तवर बघू," तो म्हणाला. "मानसं आली तर आली. न्हाईतर पितरपाट लागायच्या आत त्यो मानूस यील, मी सही करून मोकळा."

म्हणजे श्रावण आणि अर्धा भाद्रपद, एवढीच मुदत. आणि आमचं घर मुख्य रस्त्यावरून दिसत नाही. फाट्यावरून आत, ओढा ओलांडून, बांबूच्या बेटामागं. फाट्यावर पाटी नसेल तर पुण्याच्या माणसाला कळणार कसं की इथं आत एक बाई पडदे लावून बसली आहे?

आणि फाट्यावरचा बांध नामाअण्णाचा.

नामाअण्णा आमचा चुलतभाऊ. आप्पाच्या लग्नापासून दोन घरांत बोलणं बंद. कारण सांगितलं तर शहरातली माणसं हसतात, मी हसत नाही. आप्पाच्या लग्नाच्या पत्रिकेत आमच्या चुलत्यांचं, म्हणजे नामाअण्णाच्या वडिलांचं, गेनूतात्यांचं नाव नव्हतं. चाळीस नावं होती. पोलीस पाटील होते, सोसायटीचे चेअरमन होते, ज्यांना कुणी कधी पाहिलं नाही असे मुंबईचे पाहुणे होते. सख्ख्या चुलत्याचं नव्हतं. कुणी म्हणतं छापखान्यानं गाळलं, कुणी म्हणतं आमच्या बाबांनी. तात्या लग्नाला आले, अक्षता टाकल्या आणि न जेवता घरी गेले. पुढं बाबा गेले, तात्याही गेले, तरी तो न जेवलेला माणूस दोन घरांच्या मध्ये उभाच राहिला.

आज विचार करतो तेव्हा वाटतं, आमच्या लोकांना नावाची एवढी भूक का असावी? धरणाच्या पाण्याखाली कितीतरी वाड्या गेल्या. म्हातारी माणसं अजून पाण्याकडं बोट करून सांगायची, ती तिथं अमक्याची आळी, तो तिथं तमक्याचा पार. मला तर दिसायचं नुसतं पाणी, त्यावर बगळे. ज्याच्या गावालाच पाटी उरली नाही त्याला आपलं नाव कुठंतरी कोरडं, जमिनीवर, अक्षरात असावं असं वाटत असेल तर त्यात त्याचं काय चुकलं?

तर पहार गेली त्या दिवशी संध्याकाळी नामाअण्णानं निरोप पाठवला. बोलणं बंद असलं तरी निरोप चालत. निरोप माझ्यापाशी, माझ्याच तोंडावर, पण आप्पासाठी:

"पाटी लावायची आसंल तर लावा. माज्या बापाचं नाव पायजे तिच्यावर. आन बारीक न्हाई. तुमच्या बापायवढं."

आप्पा हे ऐकून असा ताठ झाला की घराचं आढं मोडतं की काय असं मला वाटलं. "पाटी माजी, खोल्या माज्या, आन नाव त्याच्या बापाचं?"

"तुमच्या चुलत्याचं," चुलीपाशी बसलेली वहिनी म्हणाली.

"तू मधी बोलू नगं."

"मधी न्हाई बोलत. पयल्यापास्नं बोलते. पत्रिका माज्या लग्नाची व्हती. माज्या नावाखाली ह्यो राग चालू झाला, आन मला कुनी इच्यारलं न्हाई. आता पाटी मी लावतीया. टाका नाव." आणि तव्यावरची भाकरी तिनं अशी उलटली की विषय संपला.

पौडला एसटी स्टँडच्या मागं बबन पेंटरचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक ताडपत्री, दोन डबे आणि टर्पेंटाइनचा असा दर्प की डासदेखील झिंगून भिंतीला धडकायचे. बबन ट्रॉल्यांची पाठ रंगवायचा, निवडणुकीच्या भिंती रंगवायचा, गाड्यांचे नंबर घालायचा. अक्षर मोत्यासारखं. बाण त्यानं जन्मात काढला नव्हता.

"मजकूर?" त्यानं विचारलं.

आप्पा लग्नाच्या मंडपात बसल्यासारखा मांडी घालून बसला आणि सांगू लागला. वर मध्यभागी, श्री भैरवनाथ प्रसन्न. देवाला बारीक लिहून कसं चालेल? देव मोठा झाला. मग कैलासवासी बाबांच्या आशीर्वादाने. शेजारी कैलासवासी गेनूतात्यांच्या आशीर्वादाने. बबननं फूटपट्टी लावून दोन्ही कैलासवासी सारख्या उंचीचे केले, कारण नामाअण्णा मोजायला येणार हे त्यालाही ठाऊक होतं. मग सरपंचांचं नाव, कारण नाहीतर त्यांना काय वाटेल. मग वहिनीच्या माहेरच्यांना काय वाटेल. मग मीही हळूच म्हणालो, "धाकट्या भावाचं..." खोटं कशाला बोलू? चार बाय तीनच्या पत्र्यावर मलाही यायचं होतं. एवढं सगळं झाल्यावर खाली बोटभर पट्टी उरली. तीत 'राहण्याची व जेवणाची सोय' बसलं. उजव्या कोपऱ्यात, जिथं पेंटर आपली सही करतो तिथं, बबननं सहीचा त्याग करून एक बाण काढला. लांबून बघणाऱ्याला तो पत्र्यावर चढलेला मुंगळा वाटायचा. जवळून बघणाऱ्यालाही.

आम्हा कुणाच्याही हे ध्यानात आलं नाही. आम्ही पाटी नीट वाचली आणि आम्हाला ती पत्रिकेसारखी भरलेली, मानाची, सुरेख वाटली. रंग वाळायला अठरा दिवस लागले. मुळशीच्या पावसात रंग वाळत नाही, कंटाळून घट्ट होतो. तोवर पत्र्यावर शेवाळ धरलं, एक गोगलगाय बाबांच्या नावावरून निघून तात्यांच्या नावापर्यंत चालत गेली, आणि आप्पा म्हणाला, "बघ, तिला कुनाशी वैर न्हाई."

पाटी लागली. गाड्या साठच्या वेगानं जात. साठच्या वेगानं माणसाला एकच ओळ वाचता येते आणि आमच्या पाटीवरची ती ओळ देवाची होती. गाडीतली आजी हात जोडायची, गाडी पुढं जायची. पहिला शनिवार गेला, रविवार गेला. वहिनीनं रांधलेला भात आम्हीच खाल्ला. दुसरा शनिवार गेला. वहिनी बांबूच्या बेटापाशी जाऊन उभी राहायची, इंजिनाचा आवाज मोठा होत यायचा, फाट्यापाशी क्षणभर अडखळायचा, मग बारीक होत घाटाकडे जायचा. त्या आवाजाचं बारीक होणं अजून माझ्या कानात आहे. आंबेमोहर पोटरीला आलेला, सगळ्या शिवाराला त्याचा वास, आणि त्या वासात उभी राहून एक बाई गाड्या मोजते आहे.

मग एक गाडी वळली. नारळ, जास्वंदीची फुलं, उदबत्त्या घेऊन पुण्याचं कुटुंब चपला ओढ्याकाठी काढून अनवाणी आत आलं. "देऊळ कुठे आहे हो?"

आप्पा अडखळला. वहिनी नाही अडखळली. "हात-पाय धुवा, या," म्हणून तिनं त्यांना थेट आमच्या देवघरापाशी नेलं. टीचभर देवघर. पण त्यात भैरवनाथाचा टाक होता, म्हणजे खोटं काहीच नव्हतं. त्यांनी नारळ फोडला. निम्मा वहिनीनं त्यांच्यासमोरच खवला आणि अळूच्या भाजीत टाकला. आंबेमोहर भात, अळू, नाचणीची भाकरी, लसणाची चटणी. ती माणसं देवापुढं जेवढा वेळ बसली नाहीत तेवढा ताटापुढं बसली. जाताना बाई म्हणाल्या, "फार जागृत स्थान आहे." मला आजही ते खरंच वाटतं.

निघताना मी त्यांच्या ड्रायव्हरला विचारलं, "बाण दिसला का?"

"कसला बाण? फाट्यावर एक म्हशीवाले बाबा बसलेत. देव कुठाय विचारलं. त्यांनी काठी उचलली."

मी बांबूआडून बघून आलो. नामाअण्णा रोजच्यासारखा फाट्यावर म्हशी चारत होता. फक्त रोज तो ओढ्याच्या अंगाला बसायचा, आता पाटीखाली बसला होता. एक गाडी हळू झाली. काच खाली आली. त्यानं नुसती काठी उचलली, आमच्या घराच्या दिशेनं धरली आणि खाली ठेवली. सरकारी खात्याच्या कुठल्याही बाणानं त्या काठीपुढं लाजून मान खाली घालावी. त्यानंतर गाड्या यायला लागल्या. एक, मग दोन. आप्पाला मी सांगितलं. दुसऱ्या दिवशी वहिनीनं तांब्याभर चहा माझ्या हाती दिला तेव्हा आप्पानं कुणासाठी म्हणून विचारलं नाही. नामाअण्णानं चहा घेतला. तांब्या उपडा ठेवला. आमच्या घरात मात्र पाऊल टाकलं नाही.

तरी मुदत ती मुदत. आप्पा शब्दाचा माणूस. एजंटाला त्यानं गौरी गेल्यानंतरच्या रविवारी बोलावलं होतं, आणि बोलावलेल्याला नको म्हणणं त्याच्या स्वभावात नव्हतं. त्या रविवारी तो पहाटे उठला. धुतलेलं धोतर, इस्त्रीचा सदरा, टोपी. खिशाला पेन. ओसरीवर बसला तो फोटो काढायला बसल्यासारखा. वहिनीनं त्याच्याकडं पाहिलंही नाही. तिनं नेहमीएवढा भात घातला. नेहमीपेक्षा जरा जास्तच. पाहुणे आले नाहीत तर त्या भाताचं काय करणार, असं विचारायची माझी छाती झाली नाही.

दहा वाजता इंजिन वाजलं. आप्पा उठून उभा राहिला. गाडीतून दोन आज्या आणि पाच नातवंडं उतरली. अकराला पुन्हा वाजलं. कॉलेजची पोरं, भिजून चिंब. बाराला तिसरी. वहिनीचे हात पुरेनात. "भावजी, पानी! भावजी, पाटावरनं त्यो मुलगा उठवा, त्यो सांडंल!" मी पळत होतो. शेवटी तिनं ओसरीवर बघून नुसतं म्हटलं, "आवं." आप्पा उठला. ज्या सदऱ्यात जमिनीवर सही करायची होती त्या सदऱ्याच्या बाह्या वर सारून तो ताटं विसळायला बसला. पेन खिशातून घसरून राखेत पडलं. कुणी उचललं नाही.

दिवस मावळला. पांढरी गाडी आली नाही. वाडीत तेव्हा मोबाइलला रेंज नव्हती. बोलावून न आलेला माणूस म्हणजे संपलेला माणूस. सोमवारनंतर पितृपक्ष लागला, आणि पितरांच्या पंधरवड्यात कोण व्यवहार करतो? नंतर कानावर आलं, एजंटानं घाटाच्या अंगाला दुसऱ्याच कुणाची जमीन घेतली. दसऱ्याला आप्पानं विळे पाजवून घेतले आणि भात कापायला लागला. वहिनीच्या खोल्यांना पुढच्या श्रावणात तिसरी खोली झाली. पडद्यांसाठी साड्या माझ्या बायकोच्या गेल्या.

हा किस्सा मी सूसच्या सोसायटीत सांगतो. विदर्भातले, खानदेशातले, कंपनीत काम करणारे शेजारी गच्चीवर चहा पीत ऐकतात. माझ्या सांगण्यात नामाअण्णा काठी उचलतो आणि एजंट घाट उतरतो, कोकणात शिरतो, पेट्रोल संपतं, पांढरे बूट वाळूत रुततात आणि शेवटी तो समुद्राला विचारतो, आप्पांचं घर कुठं. दर वर्षी समुद्र थोडा खोल होतो. लोक हसतात. मीही हसतो. पण खरं काय झालं हे मला ठाऊक नव्हतं. नामाअण्णा त्या रविवारी पाटीखाली होता, एवढंच ठाऊक होतं.

मध्यंतरी रस्ता रुंद झाला. पत्र्याची पाटी निघाली. वहिनीनं फ्लेक्स केला. त्यावर तिचं नाव, फोटो आणि हातभर बाण. कैलासवासी दोघंही त्यावर नाहीत. दोन घरं एकमेकांकडे जेवायला लागली तेव्हापासून त्यांची कुणाला आठवण करून द्यावी लागत नाही. या रविवारी पोरांना आत पाठवून मी फाट्यावर उतरलो. नामाअण्णा आता म्हातारा झालाय. म्हैस एकच. बांधावर बसला होता. मी शेजारी बसलो. पाऊस बारीक होता. बराच वेळ आम्ही गाड्या बघितल्या. आता कुणी काच खाली करून विचारत नाही.

मी विचारलंच. "आण्णा, त्या साली, गौरी गेल्यावरच्या रविवारी, त्या पांढऱ्या बुटवाल्याला तू कुठं पाठवलंस?"

त्यानं म्हशीकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"त्यानं घर न्हाई इच्यारलं. त्ये त्याला ठावं व्हतं. इकायची जमीन हितंच न्हवं, म्हनला. मी म्हनलं, हितं न्हाई."